दुसरा दिवस आयांचा

तबकात पेन पडलं. टण्ण.

मुक्ता नुकतीच झोपली होती. आठ महिन्यांचं पोर, पाऊण तास खांद्यावर थोपटल्यावर कुठं डोळा लागलेला. म्हणून मी आणि समू, आम्ही दोघं बहीणभाऊ, मघापासून कुजबुजतच बोलत होतो. भाऊबीजसुद्धा कुजबुजतच झाली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी नि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. आता तबकात ओवाळणीचं पाकीट पडायचं, तर पडलं स्टीलचं पेन.

पाळण्यात मुक्तानं दोन्ही हात झटकले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"झालं समाधान?" मी म्हणाले. "आणि हे काय? पाकीट कुठाय?"

"यंदा उलटं, अक्का." समू पाटावरून उठत म्हणाला. "यंदा तू घालायची मला ओवाळणी."

"मी? काय घालू?"

"एक सही."

तो पाळण्यापाशी गेला. मुक्ताला उचलून त्यानं आपल्या पोटावर पालथं घातलं आणि तोंडानं गाडी सुरू केल्याचा आवाज काढला. भुर्र, भुर्र, मग लांबलचक घूंऽऽ. मुक्ता रडायची थांबली नि त्याच्या तोंडाकडं बघायला लागली. माझ्याकडं पाऊण तास न झोपणारी कारटी त्याच्याकडं अर्ध्या मिनिटात गप्प व्हायची. मला हेवा वाटायचा.

सम्मेद माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा, बाविशीतला. जयसिंगपूरला अण्णांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, चोवीस यंत्रमाग होते. कॉलेज संपल्यावर तो तिथंच बसायला लागला आणि बसल्या दिवसापासून एकच धोशा लावला, गाडी. साधीसुधी नव्हे. जिचं नाव काढलं की त्याचे मित्र आधी तिची ताकद सांगायचे आणि मग रंग, तसली. अण्णांनी जन्मात स्कूटरच्या पुढं काही चालवलं नव्हतं. पण एकुलता एक मुलगा. शेवटी ते हो म्हणाले, एका अटीवर. "अक्काच्या सुभेदारांकडं दोन दिवस शिकून ये. कागद दाखव, किल्ली घे."

गाडी पाडव्याच्या मुहूर्तावर आली होती, म्हणजे कालच. ड्रायव्हरनं ती दारात आणून लावली, आईनं चाकांखाली लिंबं ठेवून ओवाळली, आणि अण्णांनी किल्ली उचलून जिनवाणीच्या कपाटात, धर्मग्रंथांच्या शेजारी ठेवून दिली. आंघोळीशिवाय त्या कपाटाला हात लावायचा नाही हा आमच्या घरचा दंडक. समूनं पाडव्याला तीन वेळा आंघोळ केली, असं आई फोनवर हसत सांगत होती.

"अण्णांनी कागदाशिवाय किल्ली दिली नाही ना?"

"कुठली देतात! दर वेळी म्हणतात, ओला झालास तेवढा बरा, आता कोरडा हो."

भाऊबीज त्या वर्षी गुरुवारी आली होती. शनिवारी समूचे मित्र आंबा घाटात चालले होते. आणि कोर्सचा दुसरा दिवस होता रविवारी. मध्ये काय तो एका दिवसाचा फरक.

"रविवारी दुसरा दिवस कर आणि पुढच्या शनिवारी जा की. घाट कुठं पळून चाललाय?"

"घाट नाही, कुशल चाललाय. सोमवारी पुण्याला जॉइन होतोय. परत कधी जमायची सगळी? तूच सांग."

कुशल म्हणजे त्याचा बालवाडीपासूनचा मित्र.

सुभेदार घोरपड्यांचा ट्रॅक म्हणजे कोल्हापूरच्या बाहेर, बंद पडलेल्या एका साखर कारखान्याचं मैदान. एकेकाळी उसाच्या गाड्या जिथं रांगा लावून उभ्या असायच्या तिथं डांबर टाकून घेतलेलं. सुभेदारांनी फौजेत पंचवीस वर्षं गाड्या चालवल्या आणि चालवायला शिकवल्या. निवृत्त झाल्यावर ते भारी गाड्या उडवणाऱ्या पोरांना शिकवायला लागले. मी लग्नाआधीपासून त्यांच्याकडं होते. आधी शिकायला गेले, मग त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. मुक्ता झाल्यावर गाडीत बसणं कमी केलं, पण कागदपत्रं माझ्याकडंच असायची. कोऱ्या सर्टिफिकेटांचं पुडकं आणि शिक्का माझ्या पिशवीत. खाली सही सुभेदारांची किंवा माझी, कुणा एकाची पुरायची.

पहिल्या दिवशी पोरांना गाडी पळवायला मिळायची. बसायचं कसं, हात कुठं ठेवायचे, वळणात नजर कुठं टाकायची, शंकू मांडून त्यांच्यामधून नागमोडी जायचं कसं. दुसऱ्या दिवशी नुसतं थांबायचं. मैदानात प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर साबणाचं पाणी सोडायचं आणि पोरांना सांगायचं, ये वेगात आणि मार ब्रेक. परत ये, परत मार. संध्याकाळपर्यंत तेच.

"उलटं का नाही शिकवत?" मी एकदा सुभेदारांना विचारलं होतं. "आधी थांबणं, मग पळणं."

"थांबायला शिकवतो म्हटलं तर एक पोरगा फिरकायचा नाही, पोरी. पहिला दिवस पोरांचा. दुसरा दिवस त्यांच्या आयांचा." मग ते म्हणाले होते, "आणि एक ध्यानात ठेव. पहिला दिवस करून दुसऱ्याला न आलेला पोरगा, अजिबात न शिकलेल्यापेक्षा वाईट. त्याची भीती आपण काढून घेतलेली असते. बदल्यात काहीच दिलेलं नसतं."

हे मला पाठ होतं. पोरांचे वडील घासाघीस करायला आले की मी हेच त्यांना ऐकवायचे.

समूचा पहिला दिवस दिवाळीच्या आदल्या रविवारी झाला होता. मी मुक्ताला कडेवर घेऊन शेडच्या सावलीत उभी होते. पहिल्या फेरीत त्यानं चार शंकू आडवे केले, दुसरीत एक, तिसरीत एकही नाही. गाडी कशी हातातल्या लाटण्यासारखी फिरवत होता. सुभेदार सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्या दिवशी त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या भावाला नजर आहे." समूनं ते ऐकलं. रात्री आईला फोन करून सांगितलं, अण्णांना सांगितलं, कुशलला सांगितलं. मीही भरतेशला, माझ्या नवऱ्याला, दोनदा सांगितलं.

आता तोच समू मुक्ताला छातीशी धरून माझ्या समोर बसला होता.

"मला सांग, दुसऱ्या दिवशी असतं काय? ब्रेक मारायला काय शिकायचंय? पाय दाबला की थांबती गाडी."

"अशी थांबत नाही ती. ओल्यात जोरात दाबलास की पायाखाली ब्रेक थरथरतो, खडखड करतो. गाडी आपल्या आपण चाक धरते, सोडते, म्हणून. नवख्याला वाटतं, मोडलं काहीतरी. तो दचकून पाय उचलतो. तिथंच घात होतो. थरथरलं तरी पाय काढायचा नाही, अजून दाबायचा."

"थरथरलं तरी पाय काढायचा नाही, अजून दाबायचा." समूनं शाळेतल्या सुरात म्हणून दाखवलं. "घे. झालं पाठ. दुसरा दिवस संपला."

"सांगून येत नसतं ते. सुभेदार म्हणतात, पायाला कान नसतात."

"माझ्या पायाला आहेत." त्यानं मांडी मोडून उजवा पाय पुढं केला, अंगठा वळवळवला आणि मुक्ताला त्यावर ओणवी धरली. "सांग गं मुक्ताबाई, सांग मामाच्या कानात. थरथरलं तरी पाय काढू नको म्हणावं."

मुक्तानं तो अंगठा दोन्ही मुठींत धरला आणि खदखदून हसली. दात यायचे होते. नुसत्या हिरड्यांचं ते हसू बघून मलाही हसू आवरेना.

"रविवारी येणार ना पण?"

"आईशप्पथ. सकाळी सातला हजर. कुशलला सोमवारी जायचंय, मला नाही."

"आणि शनिवारी?"

"दिवस मावळायच्या आत घरी. आईचं जेवण चुकवीन होय मी?"

इथं सांगायला हवं, आम्ही जैन. रात्रीचं जेवण आमच्या घरात नाही, आणि चातुर्मासात तर आई दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाही. शिवाय समू जेवायला बसल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा दुसरा नियम तिनं स्वतःच्या मनानं घातलेला. तो त्याला माहीत होता. मित्रांबरोबर कुठंही गेला तरी उन्हं कलली की याची चुळबुळ सुरू व्हायची. पोरं त्याला 'सूर्यास्त' म्हणून चिडवायची. पण एकदाही चुकला नव्हता.

मी पिशवीतून पुडकं काढलं. तबकातलं पेन घेतलं. ते कुंकवानं माखलं होतं, पदराला पुसलं. वर त्याचं नाव नि तारीख लिहिली, पहिल्या दिवसाच्या रकान्यापुढं खुणा केल्या. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यापाशी हात थांबला. रविवारी तो येणारच आहे, मी मनाशी म्हणाले. सही आधी, शिकणं नंतर, एवढाच काय तो फरक. सुभेदार दिवाळीला गावी गेले होते. विचारायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या पोराला मी ती सही जन्मात दिली नसती.

शिक्का उमटवला तसा समू उठला, मुक्ताला माझ्या मांडीवर ठेवली, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. एरवी तो पाया पडायचा नाही, नुसता वाकल्यासारखं करायचा. दाराबाहेर जाऊन परत आला, खिशातून पाकीट काढून तबकात टाकलं.

"होतंच की रे पाकीट!"

"सही मिळाली नसती तर परत नेणार होतो," म्हणाला, आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरत गेला.

शनिवारी दुपारी मुक्ताला घेऊन मी माहेरी गेले. समू पहाटेच गेला होता. अण्णांनी कागद चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला, आपल्या हातानं कपाट उघडलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली, असं आईनं सांगितलं. कागद त्यांनी गाडीच्या कागदांबरोबर फाइलला लावला होता.

"तुझी सही बघून खूश झाले बघ," आई म्हणाली. "म्हणाले, घरातलीच शिकवणारी असली की काळजी नाही."

मी मुक्ताचा लंगोट बदलायला आतल्या खोलीत गेले.

साडेपाचला त्याचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज, गाडीत लावलेली गाणी.

"अक्का, कोल्हापूर ओलांडलं. अर्ध्या तासात येतो. आईला म्हणावं ताटं वाढ."

सावकाश ये, असं म्हणाले का मी? आठवून आठवून बघितलंय. नाही म्हणाले. मी म्हणाले, "ये. आई थांबलीय."

आईनं दोन ताटं घेतली. भाकरी, मुगाची आमटी, दही, आणि त्याला आवडतात म्हणून तांदळाचे पापड. उन्हं मागांच्या शेडच्या पत्र्यावर गेली. आमच्या स्वयंपाकघरातून तो पत्रा दिसतो, आईचं ते घड्याळ आहे. ऊन पत्र्याच्या कडेला आलं की पाच-सात मिनिटं राहतात.

"तू बैस गं जेवायला," अण्णा ओसरीवरून म्हणाले.

"येईल की. आजवर चुकलाय कधी?"

ऊन पत्र्याच्या कडेला आलं. मग कडेवरून गेलं. आईनं ताटांवर ताटं पालथी घातली आणि हात धुतले.

"आज चुकला बघ," ती म्हणाली, आणि जरा हसली. उपास पडल्याचं तिला काही नव्हतं. पोरगा आल्यावर त्याला चिडवायला एक कारण मिळालं होतं.

फोन कुशलनं केला. अण्णांना केला नाही, मला केला. तो बराच वेळ नुसता "अक्का, अक्का" म्हणत होता.

हातकणंगल्याच्या अलीकडं, उसाच्या रानातून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्यावर आला होता. गाळपाचा हंगाम नुकता सुरू झालेला. रान भिजलेलं, चाकांनी ओला चिखल आणि पाला डांबरावर आणून टाकलेला. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता. मावळतीची वेळ, ना धड उजेड ना अंधार. समू गाडीत एकटाच पुढं होता. बाकीची कुशलच्या गाडीत, मागं. आई थांबली असेल म्हणून तो पुढं निघाला होता.

आता त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. घर माणसांनी भरलं. मागांची धडधड बंद झाली, आणि चोवीस माग बंद झाल्यावर घर किती मोठं वाटतं हे तेव्हा कळलं. मुक्ता मला सोडायची नाही. रडणाऱ्या बायकांच्या तोंडाकडं टकामका बघायची आणि मध्येच त्यांना हसून दाखवायची. येणारा प्रत्येक जण ट्रॉलीला शिव्या देत होता. ट्रॉलीला दिवा असता तर. रस्त्यावर चिखल नसता तर. मी त्यांच्याबरोबर मान हलवत होते. ते खोटं नव्हतंच.

चौथ्या दिवशी कुशल आला. पुण्याला गेलाच नव्हता. अण्णांच्या समोर सतरंजीवर बसून हाताची बोटं मोडत राहिला. अण्णांनीच विचारलं, "तू मागं होतास. सांग काय झालं ते."

"अण्णा, वेगात होता. खोटं नाही सांगत. पण त्यानं बघितलं होतं ट्रॉलीला. ब्रेक मारला त्यानं. मी बघितले की त्याचे मागचे दिवे. लाल दिवे लागले." त्यानं सतरंजीची कड ओढली. "मग विझले."

"विझले म्हणजे?"

"विझले. एवढाच वेळ." त्यानं चुटकी वाजवली. "मग परत लागले. पण तोवर..."

माझ्या मांडीवर मुक्ता दूध पीत होती. मी पदर नीट केला. दिवे लागले, म्हणजे त्यानं पाय दाबला. पायाखाली ब्रेक थरथरला. दिवे विझले. चुटकीएवढा वेळ माझ्या भावाला वाटलं, मोडलं काहीतरी, आणि त्यानं पाय उचलला. मग त्याला आठवलं असेल. 'थरथरलं तरी पाय काढायचा नाही,' माझं वाक्य, माझ्याच शब्दांत. आणि दिवे परत लागले.

"म्हणजे ब्रेक फेल झाला," अण्णा म्हणाले.

कुशलनं खांदे उडवले. "असंल. काय माहीत."

"असंल नाही, झालाच." अण्णा उठले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला होता. आत गेले आणि फाइल घेऊन आले. "हा बघ कागद. दोन्ही दिवस पूर्ण. 'ओल्या रस्त्यावर थांबणे', इथं खूण आहे. सही आहे, आमच्या पद्मजाची सही आहे. माझा पोरगा शिकलेला होता. न शिकता मी किल्ली दिली नव्हती. गाडीच खोटी होती. होय का नाही गं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आईनंसुद्धा, भिंतीला टेकून बसली होती तिथून.

बापाकडं तेवढंच उरलं होतं. आपण अट घातली होती आणि पोरानं ती पाळली होती, एवढंच. ते मी काढून घ्यायचं होतं का?

"होय, अण्णा," मी म्हणाले.

त्यानंतर जो येईल त्याला अण्णा तो कागद दाखवायचे. मी तिथून उठून जायला शिकले.

बाराव्या दिवशी सुभेदार आले. रविवारी परतायचे ते गावी अडकले होते, तिथून परस्पर आले, हातात पिशवी तशीच. अण्णांनी त्यांना शेजारी बसवलं आणि कागद पुढं केला.

"तुमच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, सुभेदार. तुम्हीच सांगा लोकांना."

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. कागद वाचला. वरची तारीख वाचली, आणि मग दुसऱ्या दिवसाच्या रकान्यावर त्यांचं बोट येऊन थांबलं. त्या गुरुवारी ट्रॅकला कुलूप होतं. त्याची किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी वर बघितलं नाही. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, बोलावं त्यांनी. ओरडावं. सगळ्यांदेखत.

"चांगला शिकत होता," ते म्हणाले. "नजर होती त्याला." मग कागदाची घडी घातली. "अण्णासाहेब, हा कागद मी पद्मजापाशी ठेवतो. आमच्या दप्तरात लागंल."

अण्णा हो म्हणाले.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. मुक्ता कडेवर होती. फाटकाच्या बाहेर जाऊन ते वळले.

"कुशलनं म्हणे बघितलं, मध्ये दिवे विझले."

"हो."

"किती वेळ?"

मी चुटकी वाजवली. मुक्ताला तो खेळ वाटला. तिनंही बोटं पुढं केली.

सुभेदारांनी घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "तो अण्णांपाशी नको. हे तुझं तू ठेव," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी मुक्ताच्या डोक्यावर ठेवला, आणि निघून गेले.

ट्रॅकवर मी परत गेले नाही. पुढं कुणीतरी सांगितलं, सुभेदार आता पहिल्या दिवशीच थांबायला शिकवतात. पोरं निम्म्यावर आली म्हणे. चालवतात तसंच. अण्णांनी गाडीवाल्यांच्या दारात तीन वर्षं खेटे घातले, मग गुडघ्यांनी घरी बसवलं. ब्रेक फेल झाला, हे ते अजून सांगतात. आई चार वाजताच जेवून घेते. कुणासाठी थांबत नाही.

आज पोरांना दुपारची झोपवून मी हे लिहायला घेतलं, त्याचं कारण असं. मुक्ता आता सात वर्षांची झाली, दुसरीत आहे. तिचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा. गेल्या भाऊबीजेला तो तान्हा होता, म्हणून यंदा ती पहिल्यांदा त्याला पाटावर बसवून ओवाळणार. आठ दिवसांपासून घरात दुसरा विषय नाही. काल शाळेतून आल्या आल्या तिनं विचारलं, "आपलं तबक कुठाय?" आणि मी काही म्हणायच्या आत स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ते ओढून काढलं. इतक्या वर्षांत मी ते काढलं नव्हतं. चांदी काळी पडली होती. त्याच्याखाली घडी केलेला कागद होता.

दुसरीतली पोरं दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचतात. तिनं स्टुलावर बसूनच घडी उलगडली.

"सम्-मे-द. सम्मेद! आई, हा मामा!"

मामा तिला भिंतीवरच्या फोटोतला माहीत आहे. त्याच्या गाडीचा ब्रेक फेल झाला, हे आजोबांकडून माहीत आहे. मी तांदूळ निवडत होते.

"दिवस दुसरा," ती बोट फिरवत वाचत राहिली. "ओल्या रस्त्यावर थांबणे. बरोबरची खूण. थ-र-थ-र झाली तरी ब्रेकवरून पाय न काढणे. बरोबरची खूण. खाली... पद्मजा. आई, ही तर तू!"

तिचा चेहरा फुलला होता. आईचं नाव छापील कागदावर बघून पोरांचा फुलतो तसा. तिनं कागद माझ्या तोंडासमोर धरला, बोट माझ्या सहीवर ठेवलं आणि विचारलं,

"म्हणजे आई, मामाला हे सगळं येत होतं ना?"